बुटक्या सिस्टरची खुर्ची

मावशी : सिस्टर, पोरं नळावर हात धुताहेत, तोवर विचारून घेते. गिरणीवाल्यांना अजून किती दिवस बसवायचं?

सिस्टर : नात रडायची थांबेपर्यंत. बालवाडीचा नियमच आहे. नवं मूल आलं की घरच्या माणसानं वर्गात बसायचं, छोट्या खुर्चीवर.

मावशी : अहो, ती तिसऱ्याच दिवशी थांबली. आज चौदावा. आता कुणी रडलंच तर हेच रडतील. गुडघे हनुवटीला टेकलेत.

सिस्टर : तुम्हाला कळवळा आलाय का?

मावशी : छे! मी तर मुद्दाम त्यांच्या पायाखालूनच झाडू फिरवते. पण गावात कुजबुज आहे. बाया दळण घेऊन गिरणीच्या दारात ताटकळतात आणि मालक इथं चिमणीचं गाणं म्हणत बसतो.

सिस्टर : उद्यापासून हातवारे करून म्हणू दे.

गिरणीवाले : ऐकू येतंय मला सगळं. मी बहिरा नाही.

सिस्टर : तुम्ही नाही. तुमचा मुलगा झाला असता, थोडक्यात वाचला. डावा कान.

गिरणीवाले : म्हणजे हे आहे होय! मग पहिल्याच दिवशी काढायचा होता विषय.

सिस्टर : पहिल्या दिवशी तुम्ही ओळख कुठं दाखवलीत? "नव्या सिस्टर आल्या वाटतं," म्हणालात. मी अडतीस वर्षं इथंच आहे. केस तेवढे पांढरे झाले.

गिरणीवाले : हे बघा, मुलगा-सून शहरात कामाला, बायको देवाघरी. पोरीला आणायला-न्यायला मीच एकटा. म्हणून मुकाट बसलोय. जुनं उकरून काय मिळणार? त्यांची बदली झाली, विषय संपला.

सिस्टर : त्यांची म्हणजे कुणाची?

गिरणीवाले : त्या... बुटक्या सिस्टरची.

मावशी : बघा, विसरले नाहीत.

सिस्टर : तुम्ही बसलाय ती तिचीच खुर्ची.

(गिरणीवाले धडपडत उठू बघतात.)

सिस्टर : बसा, बसा. मोडायची नाही. मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसायचं म्हणून तिनं सुताराकडून करून घेतली होती, जाड पायांची. बाकीच्या तीनदा बदलल्या. ही तशीच आहे.

गिरणीवाले : मी फक्त तक्रार केली. निर्णय तुमच्या मदरचा.

सिस्टर : तुम्ही लिहिलंत, सिस्टरनं पोराच्या कानफटात मारली. आठ दिवसांत तिची ट्रंक अंगणात आली. डोंगरापलीकडच्या मठात, कपडे धुवायच्या खोलीत नेमलं तिला. मुलांजवळ फिरकायचं नाही, असा हुकूम.

मावशी : निघताना पोरांना म्हणाली, साबण आणायला चाललेय. पोरं किती दिवस फाटकात उभी राहायची.

गिरणीवाले : पोराचा कान सुजला होता. ते खोटं होतं?

सिस्टर : कान खरा होता. हात खोटा होता.

गिरणीवाले : कोण म्हणतं?

सिस्टर : तुमचा मुलगा.

गिरणीवाले : त्याला काय आठवणार! चार वर्षांचा होता. मी सांगितलं तेवढंच त्याला ठाऊक आहे.

सिस्टर : आता नाही हो, तेव्हा. तोंडानं नाही बोलला. त्या भातुकलीच्या कोपऱ्यात खेळत होता. बाहुल्याला समोर बसवलं, "पीठ सांडलंस?" म्हणाला आणि दिली ठेवून डाव्या कानावर. मग स्वतःचाच कान धरून बसला.

मावशी : आवाजही तुमचाच काढला होता. घोगरा. मी दारातच होते.

सिस्टर : मी मदरकडे गेले. त्या म्हणाल्या, बापाची सही आहे, आणि तू बाहुल्याची साक्ष काढतेस? मी गप्प बसले. ते पाप माझ्या माथ्यावर.

गिरणीवाले : क्षमा करावी म्हणून भिंतीवर लिहिलंय की तुमच्या.

सिस्टर : लिहिलंय खरं. रोज वाचते. एकतीस वर्षं देवाकडे तेवढी बुद्धी मागतेय, अजून आली नाही.

गिरणीवाले : त्या... कशा आहेत आता?

सिस्टर : गेल्या थंडीत गेली. वर्षाला एक पत्र यायचं. शेवटी ठरलेलं वाक्य : त्या मुलाचा कान बरा आहे ना?

मावशी : आता का मान खाली घातलीत? म्हणा की चिमणीचं गाणं.

गिरणीवाले : काय हवंय तुम्हाला?

सिस्टर : मोठ्या मठातल्या वहीत तिच्या नावापुढे अजून आहे, 'मुलांवर हात उचलते.' ते खोडलं जायला हवं. तेव्हा लिहिलंत तसंच पत्र लिहा, सहीसकट. हात माझा होता म्हणून.

गिरणीवाले : नाही लिहिलं तर? नातीला काढणार?

सिस्टर : तिचा काय दोष? ती इथंच शिकेल. तुम्हीही. तिला इथली सवय मुरेपर्यंत.

मावशी : हत्तीचं गाणं राहिलंय अजून. सोंड हलवावी लागते.

गिरणीवाले : अख्खं पोतं सांडलं होतं हो त्यानं. गिरणी नवी होती, डोकं फिरलं माझं. मग वाटलं, पोर बहिरं झालं. बायकोला काय सांगू? कुणाचं तरी नाव घ्यायलाच हवं होतं.

सिस्टर : तिचंच का?

गिरणीवाले : बाहेरच्या होत्या. त्यांच्या बाजूनं भांडायला कुणी येणार नव्हतं.

सिस्टर : मावशी, कागद आणा.

गिरणीवाले : लिहितो. पण मुलाला कळू देऊ नका. शनिवारी येतोय तो पोरीला भेटायला.

सिस्टर : मी नाही सांगणार.

गिरणीवाले : उपकार झाले.

सिस्टर : तुम्ही सांगणार. त्या भातुकलीजवळ उभं राहून. नात कशी खेळते, पाहिलंत? बाहुलीच्या हातून पाणी सांडतं, ही पुसून घेते, "असू दे गं" म्हणते. चौदा दिवस मी तेवढंच बघत होते, हात उचलते का. नाही उचलत. मुलगा तुमच्यावर गेला नाही.

मावशी : हा घ्या कागद. पेन्सिल नको, पेनानं लिहा.

गिरणीवाले : ...झालं. सहीपण केली. पाय बधिर झालेत, सिस्टर. आता तरी उठू?

सिस्टर : बसा. पोरं आत येताहेत. तिच्या खुर्चीवरून ती कशी दिसतात, ते बघा एकदा.