बोक्याचं अपचन

जनावरांच्या दवाखान्यात मास्तरीणबाई आपल्या कुत्र्याला घेऊन बसल्या होत्या. शेजारच्या जोडप्यातली बायको नंबर विचारायला उठली, तशी बाईंनी नवऱ्याच्या मांडीवरच्या टोपलीत डोकावून पाहिलं. आत पांढरं, काळं, तांबूस असं ठिपक्याठिपक्यांचं मांजर पसरलं होतं.

"गोड आहे हो. कितवं बाळंतपण?"

"बोका आहे."

"तीन रंगांचा बोका? अहो, तीन रंग म्हटलं की मादीच. बोका निघाला तर हजारात एखादा."

"जरा हळू. आमची ही ऐकेल."

"त्यांना माहीत नाही?"

"तिनंच तर बोका म्हणून आणलाय. मी बजावलं होतं ना, घरात मादी नको, पिल्लांचा पसारा नको."

"म्हणजे तुम्हाला चक्क बनवलं!"

"पहिल्याच संध्याकाळी कळलं मला. पण तोवर ही मांजरी माझ्या मांडीवर झोपली होती."

बायको लगबगीनं परत आली.

"चला, आपलाच नंबर. बोक्याचं पोट फारच सुटलंय हो. अपचन असेल."

"असेल, असेल," नवरा टोपली सांभाळत उठला. "जाताना मोठी टोपली घेऊ. चार-पाच अपचनं मावतील एवढी."