ब्लडी म्हणजे खिडकी

दचकू नका, तुम्हाला नाही म्हणाले ते. खिडकी म्हणाले. या वेळेला तोंडावर ऊन येतं त्यांच्या — थांबा, पडदा ओढून येते... हं. ऐकलीत? आताची दुसरी. बारीक, तोंडातल्या तोंडात — ती म्हणजे झालं, ठीक. आभार नव्हेत, आभारांची सवय या घराला कधीच नव्हती. तर तुम्ही अपेक्षा. शहराबाहेरच्या त्या सेवा केंद्रातून आलात, ह्यांना न्यायचं का ते बघायला, आणि अभिनवने पाठवलंय. छान. पोटच्या मुलाला कर्वेनगरहून नारायण पेठेत यायला सवड नाही, पण तुम्हाला पाठवायला मिळाली.

काय सांगितलं त्याने, बाबा शिव्या देतात? अहो, अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि जाताना एकच शब्द मागे ठेवून गेली — ब्लडी. डॉक्टर म्हणाले असं होतं, बोलणं जातं आणि शिवी तेवढी राहते, तिचा खण वेगळा असतो म्हणे. असेल. तर आता त्या एका शब्दावर आमचा संसार चाललाय. तोडून म्हटली की चहा. लांबवली की कूस बदलायची. लागोपाठ दोनदा म्हणजे भांडं आण, आणि लवकर आण. टीव्हीवर बातम्या लागल्या की मात्र तिचा जो अर्थ आहे तोच. पण नम्रता, आमची सून, ती म्हणते, आई, मुलांसमोर किती ऑकवर्ड होतं. त्याच मुलांच्या मोबाइलमधून काय काय ऐकू येतं ते मी ऐकलंय — त्यापुढे आमची ब्लडी म्हणजे उपासाचा पदार्थ.

मुंजीतलं सांगितलंच असेल, नातवाच्या. म्हणजे अर्धंच सांगितलं असेल. होम पेटलेला, गुरुजींचे मंत्र चाललेले, भरला हॉल, आणि व्हीलचेअरवरून हे मोठ्यांदा — ब्लडी. लोक हसले. नम्रताच्या भावाने मोबाइल काढला. अभिनवचं तोंड एवढंसं झालं, आणि त्याने काय करावं — बापाची खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून ठेवली. भिंतीकडे. आणि का ओरडले ते विचारलं कोणी? तो उभा पंखा कोणीतरी होमाकडे वळवलेला, सगळा धूर पोराच्या तोंडावर, त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा, आणि आईबाप फोटोला हसतायत. ह्यांनी पाहिलं. डाव्या हाताने पंखाच दाखवत होते. मी उठून बंद केला तेव्हा गप्प झाले. अख्ख्या हॉलमध्ये पोराकडे लक्ष असलेला एकच माणूस, आणि तोच भिंतीकडे.

हे? काही नाही, मनगट लचकलंय. न्हाणीत ह्यांना उठवायला गेले आणि दोघंही बसलो खाली. बसलो म्हणजे — बसून राहिलो बराच वेळ, खालचा संभाजी इस्त्रीचे कपडे घेऊन वर आला म्हणून, त्याने उठवलं. हे अभिनवला सांगायचं नाही, कळलं? मी बोलून गेले, तुम्ही ऐकलं नाहीत.

विचारा ना, मनात आहे ते विचारा. एवढे मराठीचे मास्तर, त्यांच्या तोंडी हीच कुठून बसली? डॉक्टरांनीही विचारलं, घरात कोणाच्या बोलण्यात होता का हा शब्द. मी म्हटलं छे. इथे टेबलाला मेज म्हणायचे, तुम्ही कुठलं घर समजलात. पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून टाइम गेला की ह्यांचा हात वर — 'वेळ'. की मी वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं, आणि पाहुण्यांनी चहाच्या कपात बघायचं. माझी आई गेली, तेराव्याला मी सगळ्यांना रडत सांगतेय, हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वास होता हो — तर हात वर. 'रुग्णालयात.' त्या दिवशी मी आत गेले, मोरीतला नळ पूर्ण सोडला आणि म्हटलं. ब्लडी. माझी नोकरी कॅम्पात, तिथले मोठे साहेब फायलीला, पंख्याला, गार झालेल्या चहाला, सगळ्यांना तेच म्हणायचे. तेवढी एक मी डब्याबरोबर घरी आणली होती. मग रोजचंच झालं. नळ सोडून, कुकरच्या शिट्टीत, फोडणी टाकता टाकता. बाहेर ऐकू जात नाही अशी खात्री माझी.

जात होतं. सगळं जात होतं. अहो, सूर माझा आहे. पुढे जोर द्यायचा आणि 'डी' गिळून टाकायची — साहेब तशी म्हणत नसत, तशी मी म्हणते. झटक्यानंतर पलंगावरून पहिल्यांदा ऐकली तेव्हा पेजेची वाटी पडली माझ्या हातातून. भिंतीपलीकडे पेपर तोंडासमोर धरून जन्मभर ऐकलं या माणसाने. माझा एकेक शब्द सुधारला आणि हा तेवढा सोडला, एकदाही हात वर केला नाही. का नाही केला? मी विचारते, रोज अंग पुसताना विचारते — ऐकत होतात ना, मग भांडायला काय झालं होतं? आत यायचं होतं एकदा, नळ बंद करून विचारायचं होतं, काय झालं म्हणून. असा संताप होतो माझा की टॉवेल जोरात फिरतो, मग मलाच वाईट वाटतं. आणि उत्तर काय देणार ते? तेच देतात. माझंच मला परत.

असेल, तुमचं केंद्र चांगलंच असेल. बाग असेल, नर्स असतील. त्या मुली पहिल्या दिवशी दचकतील, मग हसतील, आणि मग ऐकायच्या बंद होतील. ह्यांच्या खिडकीचा पडदा कोण ओढणार तिथे? आणि मी इथे बसून कोणाशी भांडू? माझं भांडून झालेलं नाही अजून. ते होईपर्यंत हा माणूस कुठेही जाणार नाही.

ऐकलीत? ही निराळी. चहा नाही, खिडकी नाही, काही नाही. मी खोलीबाहेर फार वेळ राहिले की ही येते. नावाने कधी हाक मारली नाही ह्यांनी मला, सगळं 'अगं'वर भागवलं... आले हो, आले.

उठा तुम्ही. अभिनवला काय सांगायचं? सांगा, आई ब्लडी म्हणाली. कुठली, ते त्याला इथे येऊन ओळखू दे. जिना अरुंद आहे, कठडा धरून उतरा. आणि जाताना दार ओढून घ्या.