रुख्मिणीचं बोलणं

गीतांजली मॅडम : रागिणीला आज सकाळी कळलं, खुशालराव. आई जाऊन अकरा दिवस झाल्यावर. तेही आमच्या शाळेच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकाच्या बाईंच्या मोबाइलवर. त्या तुमच्या मोर्शीच्याच. तेरवीची पत्रिका त्यांच्या स्टेटसला होती.

शकुन : मायचा फोटो पाहून समजलं असन. तेवढी अक्कल आहे तिले.

गीतांजली मॅडम : तुम्ही कोण?

शकुन : शकुन. रागिणीची आत्या. दादाची सख्खी बहीण.

गीतांजली मॅडम : शकुनताई, तिनं सगळी पत्रिका वाचली. नववीत आहे ती. खाली शोकाकुल म्हणून घरच्यांची नावं आहेत. बाई म्हणाल्या, तुमच्या तीन महिन्यांच्या नातवाचंही आहे. तिचं नाही.

शकुन : छापखान्यात मीच नावं सांगतली. मुक्या पोरीले वाचता येते, हे मले काय माहीत?

खुशालराव : मलेही माहीत नव्हतं, मॅडम.

गीतांजली मॅडम : आठ वर्षं ती आमच्याकडे आहे!

खुशालराव : शिवणकाम शिकवत असान, असं वाटे.

गीतांजली मॅडम : मयतीला का नाही बोलावलं तिला? रुख्मिणीताई इथंच अमरावतीत गेल्या. दवाखाना इथून ऑटोनं दहा मिनिटांवर.

शकुन : मीच नाही म्हणलं. रडते तेव्हा कसा आवाज काढते, तुमाले माहीत आहे ना? म्हैस हंबरल्यावानी. चार सोयऱ्यांत बरं दिसते काय?

खुशालराव : शकुन, चूप बस.

शकुन : तवा तं तूनंच मान हलवली, दादा. आता मॅडमसमोर मले चूप करून राहिला!

गीतांजली मॅडम : ती दारात उभी आहे. ये, रागिणी.

(रागिणीला ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, तिचे शब्द मॅडम मोठ्यानं सांगतात आणि इतरांचे तिला हातांनी सांगतात.)

रागिणी : आईला काय झालं होतं?

खुशालराव : तिले सांगा मॅडम, निमोनिया झालता. चार दिवस मशीनवर होती.

गीतांजली मॅडम : माझ्याकडे नाही, तिच्याकडे पाहून बोला.

रागिणी : आई काय म्हणाली?

खुशालराव : काई नाही, पोरी. तोंडात नळी होती. बोलता येत नव्हतं.

रागिणी : तोंडात नळी होती, मग काय झालं? आईला हातांनी बोलता येतं.

शकुन : हात तं बांधले होते तिचे.

गीतांजली मॅडम : बांधले?

शकुन : सारखी हलवे ना ते. नर्स म्हणे, नळी उपसून टाकन. कागदावर सही मागतली, दादानं देल्ली.

रागिणी : मॅडम, तुमचे हात का थांबले? आत्या काय म्हणाली?

गीतांजली मॅडम : खुशालराव, मी तिला सांगितलं. तिच्यापासून मी काही लपवणार नाही.

रागिणी : आई नळी काढत नव्हती. बोलत होती.

खुशालराव : मले वाटलं, तापात भ्रम झाला तिले.

रागिणी : तुमच्याशी बोलत होती. दर दुसऱ्या शनिवारी मोर्शीहून एसटीनं इथं येऊन शिकली होती.

गीतांजली मॅडम : पालकांचा वर्ग असतो. तुम्हालाही पत्र जायचं.

खुशालराव : संत्र्याच्या बगिच्यात काम असे, मॅडम. घरात एकीले येते, तं मले कायले पाहिजे? रागिणीले काई लागलं, का रुख्मिणी मले सांगे. माह्यं काई असलं, तं तिले सांगे.

शकुन : झालं ते झालं. दादा, पेटी भर म्हण हिले. घरी सैपाक कोण करते आता? शाळा बस झाली. भाकरी थापाले कान लागत नाहीत.

रागिणी : मी येते की नाही, ते मागून सांगते. आधी दाखवा. आई हात कसे हलवत होती?

खुशालराव : असा. वरून खाली. मंग छातीजवळ.

रागिणी : बोटं उघडी होती?

खुशालराव : असतीन.

रागिणी : असतीन नको. नीट आठवा.

खुशालराव : दोन बोटं उघडी. अंगठा आत. तीन-चार डाव तसंच केलं तिनं. माह्याकडंच पाहून.

गीतांजली मॅडम : ही शाळेतली खूण नाही. या मायलेकींची घरातली असावी. काय म्हणत होत्या, रागिणी?

रागिणी : हा नुसता उजवा हात आहे. तेवढ्यानं कळत नाही. पाणी मागत असेल. मला बोलवा म्हणत असेल. बाबा, डावा हात कुठं होता?

खुशालराव : त्या हाताले सलाईन होती.

रागिणी : तरी हलवला असेल. पोटाजवळ की कानाजवळ?

शकुन : दादा, तीनची गाडी निघून जाईन.

खुशालराव : तू जाय, शकुन.

शकुन : अन् ही? रविवारी तेरवी आहे. लोकं इचारतीन.

खुशालराव : इचारू दे. अकरा दिवस हिलेच कोनी नाही इचारलं.

रागिणी : माझ्याकडे पाहा, बाबा. डावा हात.

खुशालराव : पाहिलाच नाही, पोरी. नर्सनं कागद पुढं केला होता, मी सहीची जागा शोधून राहिलो होतो. तुही माय काय म्हणत होती, ते समजाचं राहून गेलं.