भाईच्या पिंजणाची तात

मले एक सांगा, माणूस 'हो' म्हणून मरून गेला, तर ते 'हो' मंग कोणाचं? नाही, हसू नका, मी खरंच विचारून राहिलो. मौलवीले विचारलं, तो म्हणे सबर कर. शेजारच्या नत्थुजीले विचारलं, तो म्हणे आधी तू जेवला का ते सांग. भाभीले विचारायची सोयच नव्हती, काही विचारलं की ती ओढणी तोंडात धरे. म्हणजे सांगितलं कोणीच नाही... अन् तो गोव्याचा मास्तर रोज आमच्या ओसरीत येऊन बसे. 'हो' म्हटलं भाईनं, अन् अडकलो मी.

आमी अमरावतीचे पिंजारी. धनुष्यासारखं मोठं पिंजण, त्याले बकऱ्याच्या आतड्याची तात ताणलेली, तिच्यावर दांडका हाणला की गठ्ठ्याचा कापूस ढगासारखा मोकळा होते. तात माझा मोठा भाई, इनायतुल्ला, स्वतः वळे. आतडी धुणार, खरवडणार, पीळ देणार, सावलीत वाळवणार. अन् मी? मी आतडी आणून देओ अन् वासाच्या नावानं बाहेर पळो. मले वाटे भाई आहे, मले शिकून काय करायचं हाय?

आता त्या सालात कापसाचा भाव असा चढला, तिकडे अमेरिकेत लढाई, विलायतेच्या गिरण्या उपाशी, तर आमच्या लोकांनी शेतातला कापूस विकलाच, पण भातकुलीच्या खुशालरावानं घरातल्या गाद्या उसवून तोही गाडीत भरला, अन् डोक्यावर रेशमी फेटा बांधून हिवाळाभर घोंगडीवर कुडकुडला. गादीच नाही, तर पिंजाऱ्याले कोण बोलावीन? सारा मुलूख श्रीमंत, अन् आमचं पिंजण खुंटीले.

तेवढ्यात साहेब लोकांच्या नाचासाठी कॅम्पात बाजा आला, अन् त्या बाजात ती मोठी सारंगी. तुमी पाहिली का? माणसाहून उंच. आपला सारंगीवाला सारंगी मांडीवर घेते, हिले मांडीवर घेतलं तर माणूस शोधावा लागीन. म्हणून तिचा वाजवणारा, तोच गोव्याचा मिंगेल मास्तर, तिच्या बाजूले उभा राहून तिले धरते, जशी रुसलेली बायको, अन् ती पोटातल्या पोटात घुमते. तिले तीन ताती, नुसत्या आतड्याच्या, अन् आमच्या उन्हानं तिन्ही तडकल्या. मुंबईहून नव्या यायले पावसाळा लागणार. कोणीतरी आमच्या घराकडे बोट दाखवलं.

मिंगेल मास्तर आला, टोपी हातात धरून भाईले म्हणे, "इनायत, अकोला में साहब की लडकी का शादी. तार नहीं तो मिंगेल भी नहीं. साहब दूसरा आदमी रखेगा." भाई म्हणे, "हो, करून देतो." एवढंच. अन् त्याच हप्त्यात पटकी आली... सकाळी ओसरीत तात वळून राहिला होता, सांजच्याले आमी त्याले खांद्यावर नेला.

मास्तर पुन्हा आला, टोपी पुन्हा हातात. मी म्हटलं, "भाई गेला, जा." तर पडद्याआडून, भाभी इद्दतीत होती, नवरा गेल्यावर चार महिने परक्यासमोर येत नव्हती, पडद्याआडून आवाज आला, "शफी, त्यांची जबान खोटी पडू नको देऊ." घ्या. 'हो' म्हटलं भाईनं, अन् अडकलो मी.

भाईनं वळून ठेवलेल्या बारीक-जाड ताती होत्या पेटीत. पिंजाऱ्याची तात तुटली की दुसरी तंतोतंत तेवढ्याच जाडीची लागते, नाही तर हात बिघडते. म्हणून मी चिमटीत धरून धरून, जुळ्या बहिणीसारख्या तीन निवडल्या. लय तोऱ्यात दिल्या. मास्तरनं चढवल्या, तर बारीक आवाजाची ताणून ताणून तुटायले आली, अन् जाड्या आवाजाची खाटेच्या सुंभासारखी लोंबून राहिली. मास्तरनं डोक्याले हात लावला. "मोटाई तीनों का अलग, शफी. मगर उंगली रखो तो तीनों एक जैसा कडक." आता हे मले कोण सांगणार होतं? सांगणारा कबरीत.

मंग पुन्हा निवड. मी तात दोन्ही हातात ताणायची, मास्तर अंगठ्यानं छेडणार, अन् उजेडाकडे पाहणार. चांगली तात हलते तेव्हा तिचे दोन काठ दिसतात, धोतराच्या काठासारखे साफ. वाईट असली की मधात नुसता धूर. "झूठा," मास्तर म्हणे, फेकली. "झूठा." फेकली. भाईच्या हातची तात, अन् हा झूठा म्हणून राहिला... मी उठलो, त्याची टोपी उचलली अन् विहिरीत टाकली. मंग काढायले उतरलं कोण? मीच उतरलो. वरून नत्थुजी म्हणे, "आता उतरलाच हायेस, तर आमची बादलीही पाय बरं."

बारीक सापडली. मधली सापडली. जाड? एवढी जाड भाईनं एकच वळली होती, अन् ती त्याच्या पिंजणाले होती, ओसरीच्या खुंटीवर. मास्तरची नजर गेली. उठला, नखानं नुसती हलवली... घूं. भाई गेल्यापासून तो आवाज घरात झाला नव्हता. आत भाभीची भांडी थांबली. अन् ते दोन काठ, धोतराच्या काठाहून साफ. मी म्हटलं, "ते नाही. ते सोडून काय पाहिजे ते न्या." तो खाली बसला, टोपी ओलीच होती, ती फिरवत राहिला.  

मंग पडद्याआडून, "शफी, उतरव ते."

उतरवलं. 'हो' म्हटलं भाईनं, अन्... असो. तर तातीले भाईची गाठ होती, प्रत्येक ठोक्याले आवळत आवळत दगड झालेली. नत्थुजी म्हणे, "काप न बे, सुरी आण." कापली की तात आखूड, मोठ्या सारंगीले पुरत नव्हती. अन् मी असा माणूस की पायजम्याच्या नाड्याले गाठ बसली तर नाडाच तोडतो. तरी बसलो. ओल्या फडक्यानं भिजवली, नखं लावली, दात लावले, उन्हं अंगणातून भिंतीवर चढली. मंग ध्यानात आलं, भाई डावखुरा. माझे हात उलटे फिरवले, त्याचे फिरत तसे, अन् ती ढिली झाली.

सुटली. पण तातीवर गाठीची वळी राहिली, भाईच्या अंगठ्यानं दाबलेली. मास्तर हळूच म्हणे, "यह जगह बजने में आता है, शफी. झूठा बोलेगा." म्हणजे तेही पुसा. तेल घेतलं, अंगठ्यानं घासत बसलो, ताणली, पुन्हा घासली. मास्तरनं उजेडाकडे धरून छेडली, दोन काठ. भाईचा हात कुठी लागला होता, ते आता मलेही सापडत नव्हतं.

मास्तर म्हणे, "अब सच्चा."

मी म्हटलं, "न्या मंग."