मागे राहणारी माणसं

समारंभाच्या अध्यक्ष डॉक्टरीणबाई, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आणि सायकल मंडळातल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

शाल दिलीत, भरभरून बोललात. निरोपाच्या दिवशी माणूस आहे त्यापेक्षा जरा बरा दिसतो, असं मी समजतो.

चष्म्याच्या दुकानात जन्मभर लोकांचे नंबर काढले. दुकान सोडल्यावर सायकल घेतली आणि स्वतःचा नंबर बघायची खोड लागली. चढ संपला की मागे वळून बघायचं, कोण कोण मागे राहिलं? आपले बेकरीवाले हमखास असायचे. माझ्या मुलाच्या वयाचे, पण धापा टाकत यायचे. "काका, तुमच्यापुढे आपलं काही चालत नाही बुवा!" आमची ही गेल्यापासून घरात बोलायला कुणी नाही. तेवढं एक वाक्य मला आठवडाभर पुरायचं.

त्याच भरात घाटाच्या शर्यतीत नाव दिलं. मुलगी माहेरी आली होती, एका रविवारी मंडळाच्या फेरीला आपल्याबरोबर आलीही होती. शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी म्हणाली, "बाबा, नाव मागे घ्या."

"का गं? बेकरीवाल्यांच्या आधी पोचतो मी!"

 तेव्हा ती म्हणाली, "ते मुद्दाम मागे राहतात, बाबा. सगळेच. काकांच्या पुढे जायचं नाही, असं ठरलंय त्यांचं. मलाही सांगितलं."

मी ऐकतोय कसला? "तुला सायकलीतलं काय कळतं?" म्हणून उठून गेलो.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच वळणावर बेकरीवाले दिसेनासे झाले. मग बाकीचे गेले. अध्यक्षबाई, तुम्हीही गेलात. जाताना माझ्याकडे बघायचं टाळलंत. अर्ध्या घाटात मांड्या थरथरायला लागल्या. उतरलो, सायकल ढकलत वर पोचलो, तर तिथे शर्यतीची कमान उतरवायचं काम चाललेलं. बेकरीवाले पाण्याची बाटली घेऊन थांबले होते. म्हणाले, "आज वारा उलटा होता, काका." झाडाचं पान हलत नव्हतं.

मित्रहो, राग नाही. एवढी माया कितीजणांच्या वाट्याला येते? पण मी म्हातारा होत चाललोय, हे मला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. थोडं थोडं कळत गेलं असतं, तर कदाचित पेललं असतं. मला ते सगळं एका सकाळीत कळलं.

नंतर एकदा एकटाच निघालो. पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही. जोरात चाललोय की रडतखडत, काही उमजेना. पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून उभा राहिलो. पुढे जावंसं वाटेना, घरी परतावंसंही वाटेना. मंडळ सोडायचं तिथेच ठरलं.

बेकरीवाले, मान वर करा हो. तुमचं काही चुकलं नाही.

आपण मला इतकी वर्षं सांभाळलंत, त्याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन, तर या वयात जिभेचा ब्रेक लागत नाही असं समजून पोटात घाला. आणि एक विनंती. मला घरी पोचवायला कुणी येऊ नका. बसने आलोय, थांबा जवळच आहे. आता माझ्यासाठी कुणी सावकाश चालायला लागलं, की मला लगेच कळतं.