सगळ्याच मावश्या

'मावशी' या शब्दाचं आमच्या इराने काय करून ठेवलंय, ऐका. चार वर्षांची आहे, इथे परदेशात आमच्या अवोन्डेल भागातल्या डेकेअरमध्ये जाते. इथलं सरकार बालशिक्षणाच्या फंडिंगचा आढावा घेतंय, म्हणून परवा तिथे एक अधिकारी बाई आल्या होत्या. पालकांशीही बोलायचं होतं, म्हणून मी क्लिनिकमधून सुट्टी काढून गेले.

आम्ही बोलत होतो तेवढ्यात इराने टीचरला हाक मारली, "मावशी, वॉटर प्लीज!"

"मावशी म्हणजे?" बाईंनी मला विचारलं.

"आईची बहीण."

"हाउ लव्हली! अगदी फॅमिलीसारखं!"

मग इराने दुसऱ्या टीचरलाही मावशी म्हटलं, तिसरीलाही. बाई तिच्याजवळ वाकून म्हणाल्या, "सगळ्याच मावश्या?"

"येस," ब्लॉक रचता रचता इरा म्हणाली. "दे गो अवे. देन न्यू मावशी कम्स. सो आय डोन्ट लर्न नेम्स."

बाईंनी डेकेअरच्या मॅनेजरकडे पाहिलं. ती म्हणाली, "पगार वाढवायला ग्रँट पुरत नाही, टीचर टिकणार कशा?"

"वी हिअर यू," बाई म्हणाल्या. झालं! एवढंच म्हणायला सरकारने माणूस पाठवला होता?

निघताना त्यांनी इराला टाटा केला. मान वरही न करता कार्टी म्हणाली, "बाय, मावशी."

बाई हरखल्याच. मला म्हणाल्या, "बघा, मीपण फॅमिली झाले!"

मी हसून मान हलवली. आमच्या इराच्या भाषेत मावशी म्हणजे परत न येणारी बाई, हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू?