मावशीची साक्ष

गेर्दा : तुला एकच शब्द बोलायचाय, आई. ‘टाकलं.’ बास.

इव्रोज : माझ्या सख्ख्या बहिणीबद्दल? ह्या कॉलेजात, परक्या बाईसमोर बसून? तोंड झडेल माझं.

गेर्दा : मग झडू दे. प्रॅक्टिकल नर्सचा कोर्स ह्या महिन्यात सुरू होतोय आणि फीसाठीची सरकारी मदत ह्याच दारात अडलीय.

इव्रोज : फिलोमेननं तुला टाकलं नव्हतं. हैतीला परत जाताना तिनं तुला माझ्या कडेवर दिलं. चार वर्षांची होतीस. आमच्यात बहीण बहिणीला लेकरू देते, त्याला कोर्ट लागत नाही.

गेर्दा : इथं मायामीत लागतं. तेव्हा कोर्टातून पालक म्हणून एक कागद केला असतास तर आज कुणी काही विचारलं नसतं.

इव्रोज : भाचीला जेवू घालायला न्यायाधीशाची परवानगी मागू?

गेर्दा : आणि मी तरी कसली शहाणी! अर्जात आईच्या जागी तुझं नाव घातलं. दुसरं सुचलंच नाही. त्यांनी जन्माचा दाखला बघितला आणि अर्ज परत. म्हणे वाढवणारी चालत नाही, जन्म देणारीची मिळकत दाखवा.

इव्रोज : मिळकत! ती तिकडे हैतीत, जेरेमी गावच्या बाजारात कोळसा विकते. पगाराची चिठ्ठी कोण देणार तिला, कोळसा?

गेर्दा : म्हणून तर. बाप गेला, त्याचा दाखला दिलाय. आता आईनं टाकलं म्हणून घरच्या माणसानं साक्ष द्यायची. दुसरी वाट नाही.

इव्रोज : म्हणजे जिच्यावर कुणी माया केली तिला छदाम नाही. पोरगी उकिरड्यावर सापडली की मग ह्यांचा खिसा उघडणार. थू!

गेर्दा : थुंकायचं ते घरी जाऊन थुंक.

इव्रोज : तुझा तो वृद्धाश्रम फी भरतो म्हणाला होता ना?

गेर्दा : भरतो की! मग तीन वर्षं तिथंच राबायचं, ते टाकतील त्या तुकड्यावर. मधे सोडलं तर सगळी फी परत फेडायची. रोझलोर अशीच अडकलीय. मजलाभर म्हातारे आणि ती एकटी नर्स. मी आत्ता त्यांची अंगं पुसते, कुशी बदलते. कुणी कळवळायला लागलं की रोझलोर दुखण्याची गोळी घेऊन येईपर्यंत नुसता हात धरून बसते. मला ती गोळी द्यायचा हक्क हवाय, आई. दुसरं काही नको.

इव्रोज : आवाज खाली घे. दार उघडतंय.

(कॉलेजच्या मदत-विभागातल्या मिसेस पिटमन दोघींना आत घेतात.)

पिटमन : बसा. काही प्रश्न विचारावे लागतील, त्रास झाला तर सांगा. गेर्दाला कुणी वाढवलं?

इव्रोज : मी.

पिटमन : खर्च कुणी केला?

इव्रोज : मीच. हॉटेलातल्या खोल्या साफ करून.

पिटमन : हिच्या आईनं कधी काही पाठवलं?

इव्रोज : नाही.

पिटमन : मग आईबद्दल आम्ही काय समजायचं?

गेर्दा : आई, तुला नको असेल तर…

इव्रोज : मधे बोलू नकोस. टाकलं तिनं. चार वर्षांची असताना. लिहा.

पिटमन : आणि तुमचं नातं?

इव्रोज : मावशी.

पिटमन : एवढं पुरे. वरिष्ठांची सही आणते. मला तरी आता अडचण दिसत नाही. बसा तुम्ही.

गेर्दा : गेल्या त्या. पाणी पी.

इव्रोज : काल फिलोमेनला फोन लावला होता.

गेर्दा : काय? मग बाहेर एवढी भांडलीस कशाला?

इव्रोज : तिनं हो म्हटलं म्हणून माझ्या तोंडून निघतं होय?

गेर्दा : हो म्हणाली ती?

इव्रोज : लगेच. म्हणाली, सांगून टाक, उशीर करू नकोस.

गेर्दा : रडली?

इव्रोज : नाही. विचारत होती, नर्स झाल्यावर सुई टोचताना पोरीचा हात कापणार नाही ना.